धूमकेतूचं धुकं मोजताना: किती, कुठवर आणि कशाचं

धूमकेतू येणार अशी बातमी आली की सोलापुरात दोन प्रश्न हमखास ऐकू येतात: किती वाजता दिसेल, आणि फोटोत दिसतो तसाच दिसेल का? पहिल्याचं उत्तर मोबाइलमधलं कुठलंही आकाशाचं ॲप देतं. दुसऱ्याचं उत्तर "नाही" असं आहे. ते का, हे एकदा कळलं की धूमकेतू नुसता पाहून घरी यायचं कारण उरत नाही. साध्या बायनॉक्युलरनं आणि वहीपेन्सिलीनं त्याचं तेज आणि आकार मोजता येतो. कॅमेरा असेल तर तो कशाचा बनला आहे याचाही थोडा पत्ता लागतो.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. आपल्याला दिसतो तो खरा धूमकेतू नसतोच. खरा धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि काळपट कार्बनी पदार्थ यांचा काही किलोमीटरांचा गाभा. हॅलीचा गाभा सुमारे १५ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे सोलापूरहून नान्नजला जाण्याच्या अंतराहूनही लहान. ५ किलोमीटरचा गाभा एका खगोलीय एककावर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटरवर असेल तर तो ०.००७ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एवढाच भरतो. आपल्या डोक्यावरच्या हवेच्या थरथरीनं तारासुद्धा एक-दोन विकला फुगलेला दिसतो, मग गाभा कुठून दिसणार? सूर्याच्या उष्णतेनं बर्फाची थेट वाफ होते, तिच्याबरोबर धूळ उडते आणि गाभ्याभोवती लाख-दोन लाख किलोमीटरांचं विरळ धुकं पसरतं. त्याला कोमा म्हणतात. जुनी माणसं ज्याला शेंडेनक्षत्र म्हणायची, त्याचा शेंडा आणि डोकं दोन्ही या धुक्याचंच. म्हणून तेज, आकार आणि घटक हे तीन वेगळे विषय वाटले तरी प्रश्न एकाच धुक्याचे आहेत: ते किती आहे, कुठवर आहे आणि कशाचं आहे.

कुठे उभं राहायचं

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्याचा मोठा फायदा आहे. इथे सूर्य क्षितिजाखाली बराच सरळ उतरतो, त्यामुळे सूर्यास्तानंतर साधारण पाऊण ते सव्वा तासात संधिप्रकाश संपतो. सूर्याजवळचा धूमकेतू युरोपातल्या निरीक्षकाला तासन् तास उजेडात शोधावा लागतो. आपल्याला तो बहुतेक वेळा काळोख्या आकाशात मिळतो. तोटा आहे तो खालच्या हवेचा. गाळपाचा हंगाम सुरू झाला की कारखान्यांचा धूर थंडीच्या पहाटे जमिनीलगत बसून राहतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम झालं, की त्या रात्री शहराजवळून मोजमाप करण्यात अर्थ नसतो. फेब्रुवारी सरला की धुळीचा थर चढायला लागतो. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हे आपले सगळ्यात चांगले दिवस.

जागा निवडताना एकच नियम: शहराचा उजेड पाठीशी ठेवायचा. धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला असेल तर मंगळवेढा रस्त्यानं किंवा मोहोळच्या पुढे जा. पहाटे पूर्वेला असेल तर हैदराबाद रस्त्यानं बोरामणीच्या पुढे किंवा अक्कलकोटच्या बाजूला जा. उत्तरेकडच्या धूमकेतूसाठी नान्नजच्या बाजूचं रान चांगलं आहे, मात्र अभयारण्याच्या हद्दीत दिवे घेऊन शिरू नका. हमरस्त्यावर थांबू नका. ढाब्याचा हॅलोजन आणि ट्रकचे दिवे डोळे पुन्हा कोरे करून टाकतात. ओळखीच्या माणसाला विचारून त्याच्या रानातली पाणंद गाठा. हुरड्याच्या दिवसांत रानात मुक्काम असतोच, तीच रात्र यासाठी वापरता येते.

काळोखाला डोळे सरावायला पुरती २५ ते ३० मिनिटं लागतात. मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार पदर लावा. दूरचा एखादा दिवा डोळ्यांत येतच असेल तर जाड सोलापुरी चादर डोक्यावरून बायनॉक्युलरच्या भिंगांपर्यंत ओढून घ्या. थंडीसाठी ती नेलेलीच असते, पण आडोसा म्हणून तिचा उपयोग मोठा आहे: कडेचा उजेड थांबला की कोमाची अंधूक बाहेरची कड एकदम वाढल्यासारखी दिसते.

तेज: ठिपक्याशी धुक्याची तुलना

ताऱ्याचं तेज "प्रत" या आकड्यात सांगतात. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर १०० पट. शहराबाहेर नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचं दिसतं. इथेच बातमी वाचणाऱ्याची पहिली फसगत होते. "धूमकेतू पाचव्या प्रतीचा आहे" याचा अर्थ तो पाचव्या प्रतीच्या ताऱ्याएवढा ठळक दिसेल असा होत नाही. ताऱ्याचा सगळा प्रकाश एका ठिपक्यात असतो, धूमकेतूचा तेवढाच प्रकाश मोठ्या चकतीवर पसरलेला असतो. चमचाभर तूप एका जागी ठेवलं तर दिसतं, अख्ख्या परातीला फासलं तर नुसती ओशट झाक उरते, तसंच हे.

मग पसरलेल्या धुक्याची ठिपक्याशी तुलना करायची कशी? ताऱ्यालाही पसरवायचं. बायनॉक्युलरचा फोकस बिघडवला की तारा चकतीसारखा फुगतो. सगळी युक्ती एवढ्यावर उभी आहे.

पद्धत अशी. धूमकेतू नीट फोकसमध्ये आणा आणि त्याच्या कोमाची सरासरी उजळी लक्षात ठेवा. फक्त मधला ठळक भाग किंवा फक्त कड नको, एकूण उजळी. आता जवळच्या एखाद्या ताऱ्याकडे वळा आणि फोकस बिघडवत तो कोमाएवढा फुगवा. चकती कोमापेक्षा उजळ आहे की मंद ते ठरवा. थोडा उजळ तारा एक आणि थोडा मंद तारा एक, अशा दोघांच्या मध्ये धूमकेतू बसवा. समजा उजळ तारा ५.२ प्रतीचा आणि मंद तारा ६.० प्रतीचा आहे. धूमकेतू उजळ ताऱ्यापासून दहातले चार भाग खाली वाटला, तर ५.२ मध्ये ०.८ चे चार-दशांश, म्हणजे ०.३२ मिळवायचे. आलं ५.५२, लिहायचं ५.५. दुसरा दशांश आपल्या डोळ्यांच्या कुवतीचा नाही, तो लिहूच नका. ताऱ्यांची दुसरी जोडी घेऊन हेच पुन्हा करा. दोन उत्तरांत ०.३ पेक्षा जास्त फरक पडला तर काहीतरी चुकलं आहे.

धूमकेतूच्या मध्यभागी टोकदार ठळक ठिपका असेल तर ही पद्धत गडबडते, कारण सरासरी उजळी मनात धरता येत नाही. अशा वेळी धूमकेतूचाही फोकस थोडा बिघडवा, इतकाच की मधला ठिपका विरघळून चकती एकसारखी होईल. तिची उजळी आणि आकार दोन्ही लक्षात ठेवून मग तारे तेवढे फुगवा. आमच्या मते नवशिक्यानं सुरुवात यानंच करावी. सराव लवकर बसतो.

चुका कुठे होतात तेही सांगतो. पहिली चूक म्हणजे लाल तारे तुलनेला घेणं. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहत राहिलं की तो हळूहळू उजळ वाटू लागतो, आणि काक्षीसारखे कितीतरी लाल तारे मुळातच तेज बदलणारे असतात. पांढरे तारे घ्या. दुसरी चूक म्हणजे मोठी दुर्बीण वापरणं. भिंग मोठं आणि वर्धन जास्त झालं की कोमाची बाहेरची विरळ कड काळोखात हरवते आणि धूमकेतू खऱ्यापेक्षा मंद भरतो. ज्या लहानात लहान साधनातून तो स्पष्ट दिसतो, तेच साधन योग्य. पाच ते आठ प्रतींसाठी १०×५० चं (दहा पट मोठं दाखवणारं, ५० मिलिमीटर भिंगांचं) बायनॉक्युलर पुरेसं आहे.

तिसरी चूक आपल्याकडे सगळ्यात जास्त घडते: धूमकेतू क्षितिजालगत आणि तुलनेचे तारे उंचावर. डोक्यावरच्या हवेचा एक थर धरला तर ३० अंश उंचीवर प्रकाशाला दोन थर ओलांडावे लागतात, २० अंशांवर २.९ आणि १० अंशांवर ५.६. हवेच्या एका थरात ०.३ प्रत गळते असं धरा. १० अंशांवरचा धूमकेतू ३० अंशांवरच्या ताऱ्यांशी ताडला तर ३.६ थरांचा, म्हणजे जवळजवळ १.१ प्रतीचा घोटाळा होतो. तेज निम्म्याहून कमी भरतं. म्हणून तारे धूमकेतूच्याच उंचीचे शोधायचे, मग ते आडवे १५-२० अंश दूर असले तरी चालतील.

सरावासाठी धूमकेतूची वाट पाहायला नको. शौरी तारकासमूहातला एम १३ हा तारकागुच्छ ५.८ प्रतीचा आहे. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी सोलापुरातून साधारण २५ अंश वर येतो. हे दोन्ही बायनॉक्युलरमध्ये धूमकेतूच्या डोक्यासारखेच दिसतात. त्यांची प्रत काढून पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा. आठ-दहा वेळा केलं की हात बसतो.

अंदाज का फसतात

धूमकेतूच्या तेजाचं भाकीत एका साध्या सूत्रावर चालतं: मूळ प्रत, अधिक ५ गुणिले पृथ्वीपासूनच्या अंतराचा लॉग, अधिक १० गुणिले सूर्यापासूनच्या अंतराचा लॉग. अंतरं खगोलीय एककात घ्यायची. मूळ प्रत ६ असलेला धूमकेतू सूर्यापासून २ आणि पृथ्वीपासून १ एककावर असेल तर ६ + ० + ३ = ९. तोच सूर्यापासून १ आणि पृथ्वीपासून अर्ध्या एककावर आला तर ६ − १.५ + ० = ४.५. सूत्रातला १० हा आकडा मात्र केवळ सरासरी आहे. काही धूमकेतूंचा तो ७ भरतो, काहींचा १५. पहिल्यांदाच सूर्याजवळ येणारा धूमकेतू लांब असतानाच पृष्ठभागावरचे सहज उडणारे बर्फ उधळून टाकतो, सगळ्यांना मोठी आशा लागते, आणि जवळ आल्यावर त्याची वाढ मंदावते. १९७३ च्या कोहूटेकबाबत हेच झालं. २०१३ चा आयसॉन तर २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालतानाच विखुरला.

उलटही घडतं. ऑक्टोबर २००७ मध्ये होम्स धूमकेतू दोन दिवसांच्या आत सतराव्या प्रतीवरून तिसऱ्या प्रतीपलीकडे उजळला, म्हणजे सुमारे पाच लाख पट. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाताना त्याची धूळ मागून उजळली. पहाटे खिडकीतून तिरीप आली की तिच्यात धूळ चमकते, पण आपण तिरिपीकडे तोंड करून उभे असू तरच. तसाच हा प्रकार. त्या दिवसांतली त्याची चमक वरच्या सूत्रात बसत नाही, कारण सूत्राला कोन ठाऊक नाही.

म्हणून ॲपमध्ये धूमकेतूपुढे जी प्रत दिसते ती मोजलेली आहे असं समजू नका. ती बहुतेक वेळा सूत्रातून आलेली असते.

आकार

कोमाचा कोनीय व्यास कलांमध्ये मोजतात; एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पूर्ण चंद्र ३० कलांचा. सगळ्यात भरवशाची पद्धत घड्याळाची आहे. दुर्बिणीची मोटर बंद करा, आकाश आपोआप सरकू द्या, आणि कोमाची पुढची कड नेत्रिकेतल्या (डोळा लावायच्या भिंगातल्या) बारीक तारेला टेकल्यापासून मागची कड सुटेपर्यंतचे सेकंद मोजा. त्या सेकंदांना धूमकेतूच्या क्रांतीच्या (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराच्या) कोसाइननं गुणून चारनं भागा. ३८ सेकंद लागले आणि क्रांती ४० अंश असेल, तर ३८ × ०.७६६ ÷ ४ = ७.३ कला.

किलोमीटर काढायचे तर एका खगोलीय एककावर एक कला म्हणजे ४३,५०० किलोमीटर. धूमकेतू ०.६ एककावर असेल तर ७.३ × ०.६ × ४३,५०० म्हणजे सुमारे १ लाख ९० हजार किलोमीटर. गुरू ग्रहाचा व्यास १ लाख ४० हजारांच्या आसपास आहे. नान्नजपर्यंतही न पुरणाऱ्या गाभ्यानं त्याच्याहून मोठं धुकं उभं केलेलं असतं. व्यासाबरोबर कोमाचा घट्टपणाही ० ते ९ असा लिहितात. ० म्हणजे मध्य अजिबात उठून न दिसणारं सपाट धुकं, ९ म्हणजे जवळजवळ ताऱ्यासारखं. आकाश खराब असेल तर कड आधी मरते आणि व्यास लहान भरतो, म्हणून आकाशाची स्थिती शेजारी लिहायलाच हवी.

गाभ्याचा आकार आपल्या आवाक्यात नाही. तो काढताना मोठ्या दुर्बिणीच्या चित्रातून कोमाचा प्रकाश वजा करतात, उरलेल्या ठिपक्याचं तेज मोजतात आणि पृष्ठभाग किती प्रकाश परतवतो ते धरून व्यास काढतात. हे धरणंच नाजूक आहे. मार्च १९८६ मध्ये जिओट्टो यान हॅलीजवळून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं, तेव्हा गाभा कोळशासारखा काळा निघाला: शंभरातला फक्त चार भाग प्रकाश परतवणारा. तेवढाच प्रकाश चौपट काळ्या वस्तूकडून येत असेल तर ती क्षेत्रफळानं चौपट आणि व्यासानं दुप्पट असली पाहिजे. बर्फ पांढरा असणार असं धरून काढलेले आधीचे अंदाज म्हणूनच लहान निघाले होते.

घटक: स्वयंपाकघरातल्या शेगडीपासून

गॅसची शेगडी पेटवा. ज्योतीच्या बुडाशी जो निळा-हिरवा शंकू दिसतो, त्यात दोन कार्बन अणूंच्या रेणूचा प्रकाश असतो. धूमकेतूच्या डोक्याचा हिरवा रंग याच रेणूचा. १८६८ मध्ये विल्यम हगिन्स यांनी विनेके धूमकेतूचा वर्णपट (प्रकाश रंगांत फोडून मिळणारा पट्टा) प्रयोगशाळेतल्या कार्बनी वायूच्या प्रकाशाशी ताडून हा मेळ दाखवला. या रेणूच्या पट्ट्या ४७४, ५१६ आणि ५६४ नॅनोमीटरपाशी येतात, त्यातली ५१६ ची सर्वांत ठळक. शेपटी मात्र हिरवी नसते, कारण सूर्यप्रकाशात हा रेणू दोनेक दिवसांत तुटतो. डोक्यापासून फार लांब पोचतच नाही. निळसर सरळ शेपटी कार्बन मोनॉक्साइडच्या विद्युतभारित रेणूंची, आणि पिवळट वाकडी शेपटी धुळीची.

या पट्ट्या टिपायला १०० रेघा प्रति मिलिमीटरची जाळी (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची काच) आणि साधा डीएसएलआर पुरतो, पण धूमकेतू चौथ्या-पाचव्या प्रतीएवढा तरी हवा. बहुतेक जण इथे जाळी दुर्बिणीच्या नळीत, कॅमेऱ्याच्या ४० मिलिमीटर पुढे बसवतात. ताऱ्यासाठी ते उत्तम, धूमकेतूसाठी चूक. हिशोब पाहा. ४ मायक्रॉनच्या पिक्सेलला तिथे १ नॅनोमीटर येतो, म्हणजे ४७४ आणि ५१६ च्या पट्ट्यांत ४२ पिक्सेल अंतर. पण ९०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत एक कला ६५ पिक्सेल व्यापते. एका कलेचा कोमादेखील पट्ट्यांमधल्या अंतराहून मोठा, मग सगळं एकमेकांत मिसळून राखाडी पट्टा उरणारच.

तीच जाळी ५० मिलिमीटर लेन्सच्या पुढे लावली तर चित्र बदलतं. आता एक कला म्हणजे फक्त २.९ नॅनोमीटर. पाच कलांचा कोमा १४-१५ नॅनोमीटर पसरला तरी तिन्ही पट्ट्या वेगळ्या राहतात. लेन्स एफ २.८ वर ठेवा, म्हणजे सव्वा इंची जाळीतून पुरता प्रकाश जाईल. कडेनं काळा पुठ्ठा लावा. आता खरी युक्ती: वर्णपट उत्तर-दक्षिण पसरेल अशी जाळी फिरवा. आकाश पूर्व-पश्चिम सरकतं, त्यामुळे ट्रायपॉडवर ८-१० सेकंदांत होणारी सरक वर्णपटाला फक्त रुंद करते, पट्ट्या पुसत नाही. असे ४०-५० फोटो रॉ स्वरूपात घेऊन एकावर एक रचा.

आकडे बसवायला अभिजितसारख्या पांढऱ्या ताऱ्याचा फोटो त्याच मांडणीत घ्या. त्यात हायड्रोजनच्या काळ्या रेघा ४८६ आणि ४३४ नॅनोमीटरला सापडतात. घरी सराव करायचा तर खोलीतला दिवा घालवा, पुठ्ठ्याच्या बारीक फटीतून शेगडीची ज्योत जाळीतून पाहा. ५१६ ची पट्टी डोळ्यांना दिसते. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकलं की ५८९ ला पिवळी रेघ उमटते. ती सोडियमची. १९९७ च्या हेल-बॉपला सोडियमची तर वेगळी शेपटीच सापडली होती. आपल्या फोटोत अशी रेघ दिसली तर लगेच खूश होऊ नका. धूमकेतूच्या वर्णपटावर एखाद्या मागच्या ताऱ्याचा ठिपका पडला तरी तसंच दिसतं. जाळी अर्ध्या फेऱ्यानं फिरवून पुन्हा फोटो घ्या. रेघ धूमकेतूची असेल तर पुन्हा ५८९ लाच येईल, ताऱ्याची असेल तर जाईल.

पट्ट्यांखाली जो अखंड रंगीत पट्टा दिसतो, तो धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश. पट्ट्या उंच आणि पट्टा फिका असेल तर धूमकेतू वायूचा धनी. पट्टा ठळक असेल तर धुळीचा. पाणी मात्र या मार्गानं सापडत नाही. पाण्याच्या तुटलेल्या रेणूची खूण ३०८ नॅनोमीटरला आहे आणि ती वाटेतला ओझोन बहुतेक गिळतो.

नोंद

सरावाची एक ओळ देतो: जानेवारी १७.५९, प्रत ५.५, कोमा ७ कला, घट्टपणा ४, बायनॉक्युलर १०×५०, उंची २८ अंश, खाली धुरकट. रात्रीच्या ७:४५ मधून साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ १४:१५ येते, आणि दिवसाच्या दशांशात ती ०.५९. जगभरच्या नोंदी याच वेळेत लिहिल्या जातात, म्हणून सोलापूरचा आकडा स्पेनमधल्या आकड्याशेजारी आलेखात बसतो. अचानक उसळी आली तर ती आधी दोन रात्रींमधल्या अर्ध्या प्रतीच्या फरकात दिसते. दुसऱ्यांचे आकडे आपला आकडा वहीत उतरल्यानंतरच पाहायचे. आधी पाहिले की डोळा तिकडेच झुकतो. पाहिल्यावर आपला आकडा वेगळा निघाला तरी खोडायचा नाही. खात्री नसेल तर आकड्यापुढे दोन टिंबं द्यायची रीत आहे, तेवढी द्या.